जुन्या गिटारचा पिझो: रुसलेली पहिली तार अखेर बोलली

काल रात्री साडेअकराला सहाही तारा पहिल्यांदा एकसारख्या जोराने वाजल्या. घरातले झोपले होते म्हणून हेडफोन लावून ऐकत होतो. बारीक ई, म्हणजे पहिली तार, छेडली, ती स्वच्छ घुमली आणि माझे डोळे भरून आले. सात आठवडे ही तार रुसून बसली होती.

मागच्या वेळी सांगितलं होतं तिथपर्यंत सगळं जागेवर होतं. बाबांनी 1984 साली मुंबईत धोबीतलावला घेतलेली गिटार, सॅडलखाली (ब्रिजमधली, तारा टेकतात ती हाडाची पट्टी) पट्टीचा पिझो, म्हणजे कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा पिकअप, एंडपिनच्या (पट्टा अडकवायच्या खुंटीच्या) जागी 12 मिलिमीटरचं भोक आणि त्यात जॅक. (भोकाची फार धास्ती होती. स्टेप ड्रिल आधी उलटं फिरवून पॉलिशवर गोल चरा पाडला, मग सुलटं चालवलं. एक कपचासुद्धा उडाला नाही!) पिझोबरोबर आलेला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) मात्र डब्यातच आहे. तो बसवायला बाजूच्या फळीत आयताकृती खिडकी कापावी लागते. बाबांच्या गिटारला मी ती कापणार नाही, कधीच.

तर दुखणं असं: सहावी, पाचवी, चौथी दणदणीत, तिसरी ठीक, दुसरी आणि पहिली शेजारच्या खोलीतून आल्यासारख्या. सोल्डर पुन्हा केले, केबल बदलली, जॅक बदलला. फरक शून्य. मग सॅडल काढून पेन्सिलीच्या खोडरबराने पिझोच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक केलं. सगळीकडे सारखाच आवाज. म्हणजे पिझो ठणठणीत होता आणि मी तीन आठवडे भलत्याच जागी शोधत होतो. ही टकटक सगळ्यात आधी करा, सोल्डरिंग आयर्न गरम करण्याच्याही आधी.

पिझोला तारेची कंपनं सॅडलच्या दाबातून मिळतात. दाब कमी तिथे आवाज कमी. मी पहिल्या दोन तारांखाली पातळ व्हीनियरची (लाकडी पापुद्र्याची) पट्टी सरकवणार होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे सुतारकाका आले. सॅडलची खाच बोटाने चाचपून म्हणाले, "अरे, पाचर कशाला ठोकतोस? उंबरठा वाकडा असेल तर उंबरठा तास."

उंबरठा, म्हणजे खाचेचा तळ, किती वाकडा आहे ते कार्बन पेपरने दाखवलं. खाचेच्या मापाची पांढऱ्या कागदाची पट्टी, तिच्यावर कार्बन, वर पिझो आणि सॅडल, तारा पूर्ण सुरात. दहा मिनिटांनी सगळं उतरवलं तर सहावीकडे काळाकुट्ट ठसा आणि दुसरी-पहिलीखाली कागद जवळजवळ कोरा. ओळखीच्या गॅरेजमधून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणला. तिथे 0.2 मिलिमीटरचा खड्डा निघाला. वर आणखी एक दोष, तो माझ्याच हातचा: वायरसाठी सहावीच्या टोकाला पाडलेलं भोक सरळ खाली गेलं होतं, काठावर लाकडाच्या तंतूंची कड उभी होती आणि वायरचं वळण पट्टीला वर ढकलत होतं.

भोक तिरकं केलं, काठ उतरवला. हॅकसॉच्या तुटक्या पात्याचं टोक दगडावर चौकोनी घासून तासणी बनवली आणि दोन रात्री खाचेचा तळ खरवडला, एकूण 0.3 मिलिमीटर. बाजारात यासाठी महागडी हत्यारं मिळतात. मला या पात्यावर जास्त भरवसा आहे, कारण लाकूड किती निघतंय ते बोटांना कळतं. हाडाच्या सॅडलचा तळ काचेवर चिकटवलेल्या 240 च्या पॉलिश पेपरवर घासून काटकोनात आणला. सॅडल खाचेत बोटाच्या दाबाने उतरलं पाहिजे. घट्ट बसलं तर दाब खाली पोहोचत नाही, सैल असलं तर ते पुढे झुकतं. सॅडल 0.3 ने खाली गेलं की बाराव्या फ्रेटवर तारेची उंची त्याच्या निम्म्याने उतरते, त्यामुळे बार कॉर्डही (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) आता हलके लागतात. पुन्हा कार्बन लावला, टोकापासून टोकापर्यंत एकसंध पट्टा उमटला. तो कागद जपून ठेवलाय.

आता खर्ज. बफर (पिझोचा नाजूक सिग्नल न दाबता पुढे देणारं छोटं सर्किट) नसताना आवाज पत्र्यासारखा येतो आणि त्यामागे साधं गणित आहे. माझ्या पिझोची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) केबलसकट 620 पिकोफॅरड भरली. इंटरफेसच्या (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीच्या) इनपुटचा रोध 1 मेगाओहम, म्हणजे साधारण 257 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरू लागतं. सहाव्या तारेचा मूळ स्वर 82 हर्ट्झचा! इनपुटचा रोध 10 मेगाओहम केला की ती मर्यादा 26 पर्यंत खाली येते. ब्रेडबोर्डवर (बिनसोल्डरच्या चाचणीच्या पाटीवर) बफर जोडून ऐकलं, सहाव्या तारेला पोट आलं. जॅक स्टिरिओ आहे, त्याच्या रिंगवर बॅटरीची ऋण वायर येईल. केबल काढली की बॅटरी बंद.

हे लिहितानाच एक सुचलं. बफरसाठी लॅमिंग्टन रोडला (मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) टीएल071 हा आयसी मिळाला नव्हता म्हणून टीएल072 आणला होता. त्यात दोन अँप्लिफायर असतात आणि दुसरा रिकामा बसलाय. ब्रिजजवळ तळव्याने दिलेली थाप सॅडलखालच्या पिझोत नुसती 'टक्' होते, लाकूड ऐकूच येत नाही. मग ब्रिजप्लेटला (ब्रिजखाली आतून असलेल्या लाकडी पट्टीला) 27 मिलिमीटरची पिझो डिस्क लावून ती दुसऱ्या अर्ध्यात का घालू नये? दोन्ही आवाज मिसळायला साउंडहोलच्या काठाला आतून एक छोटं चाकाचं पॉट (फिरवून आवाज कमी-जास्त करायचं). बाहेरून एकही नवं भोक नाही.

म्हणजे आज व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्या असलेल्या पाटीवर) सोल्डर करायचा बेत होता तो पुढे गेला. सर्किट नव्याने काढतो. शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोड: दोन डिस्क, शील्डेड वायर, पॉट. डिस्क आधी दुतर्फी टेपने लावून जागा शोधेन, सुपरग्लू नंतर. पहिल्या तारेच्या बाजूला, ब्रिज पिनच्या मागे कुणी लावून पाहिली असेल तर थाप कशी येते ते शनिवारच्या आत सांगा.