चाळकेवाडीच्या पठारावर सरडे मोजायला

साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा मागे टाकला की साधारण २५ किलोमीटरवर थोसेघर लागतं, आणि तिथून आणखी वर चढलं की चाळकेवाडीचं पठार. थोसेघरपर्यंत एसटी जाते, पण मोजणीसाठी जायचं तर स्वतःची गाडी हवी. कामाची खरी वेळ सकाळी आठ ते अकरा एवढीच मिळते. त्याआधी दगड गार असतो, सरडे बाहेर आलेले नसतात. अकरानंतर जमीन भाजायला लागली की ते दगडाखाली आणि झुडपांत शिरतात.

इथला सरडा म्हणजे ‘सारदा सुपर्बा’. २०१६ साली ही जात चाळकेवाडीवरूनच नोंदली गेली, आणि तिच्या प्रजातीला (genus) दिलेलं ‘सारदा’ हे नाव आपल्या ‘सरडा’ या शब्दावरून आहे. लॅटिनमध्ये घुसलेला मराठी शब्द पाहायचा तर इथे. मार्च ते मे हा विणीचा काळ. नर हातभर उंचीच्या जांभ्या दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फडकन उघडून मिटतो. मादी मातकट, दगडाशी एकरूप. ती पायाशी येईपर्यंत दिसत नाही.

गणिती परिस्थितिकीच्या, म्हणजे सजीवांच्या संख्येचं गणित मांडणाऱ्या शास्त्राच्या, विद्यार्थ्यांना या पठाराची ओढ वाटते ती पवनचक्क्यांमुळे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा इथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, सरडे मात्र जास्त आणि माणसाला जवळ येऊ देणारे, असं त्यात दिसलं. कागदावर हे सोपं आहे. सरड्यांची वाढ धारणक्षमतेने (जागा जास्तीत जास्त पोसू शकेल त्या संख्येने) बांधलेली आणि पक्षी ठरावीक दराने त्यांना टिपणारे असं धरलं, तर स्थिर संख्या = धारणक्षमता × (१ − शिकारीचा दर ÷ वाढीचा दर). समजा शिकारीचा दर ÷ वाढीचा दर हे गुणोत्तर ०.४ आहे; संख्या धारणक्षमतेच्या ६० टक्के राहील. पक्षी चौपटीने घटले की गुणोत्तर ०.१, संख्या ९० टक्के. म्हणजे शिकारी चौथाई झाले तरी सरडे दीडपटच. हा दीडपटीचा फरक प्रत्यक्ष पठारावर पकडायला मोजणी नेटकी लागते, आणि घोटाळा तिथेच होतो.

पकडून, रंगाची खूण करून पुन्हा पकडण्याची पद्धत वन विभागाच्या परवानगीशिवाय करायचीच नाही. परवानगी असली तरी आकडे आधी कागदावर करून पाहावेत. समजा ४० सरड्यांना खूण केली, दुसऱ्या खेपेला ३६ धरले, त्यांत ११ खुणेचे निघाले. खुणेच्या सरड्यांच्या प्रमाणावरून एकूण संख्या काढणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने (तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून) ४१ × ३७ ÷ १२ − १, म्हणजे सुमारे १२५. पण प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती डळमळतो त्याचं माप, २४ निघते. ९५ टक्के खात्री धरली तर खरा आकडा ७८ ते १७३ यांत कुठेही. शिवाय कात टाकली की रंग गेला, खुणेचा सरडा बिनखुणेचा ठरला आणि अंदाज फुगला. दोन खेपांत फार दिवस जाऊ देऊ नयेत.

हात न लावता करायची तर रेषेवरून अंतर मोजायची पद्धत. २०० मीटरच्या दहा रेषा, सुरुवातीचे बिंदू चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. चक्क्यांच्या कच्च्या रस्त्याने चालायचा मोह टाळा. रस्त्याकडेला रचलेल्या दगडांवर नर हटकून बसतात आणि घनता उगाच वाढते. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं, एका रेषेला १५ मिनिटं. स्वतःची सावली पुढे पडणार नाही अशी दिशा धरा. सरडा पळण्याआधी जिथे होता तिथे झेंडी टोचून रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर टेपने मोजा. फोनचा जीपीएस पाचेक मीटर सहज चुकतो, लेझरची बरीच यंत्रं इतकं कमी अंतर दाखवतच नाहीत, आणि होकायंत्र चक्कीच्या लोखंडी खांबाजवळ भरवशाचं नाही. ३० मीटरची साधी टेप या सगळ्यांना पुरून उरते. डोळ्यांनी अंदाज केला की नोंदी ५ आणि १० मीटरवर ढीग करून बसतात. तो ढीग नंतर कुठलंही सॉफ्टवेअर मोडत नाही.

समजा २ किलोमीटरमध्ये ४८ सरडे आणि परिणामी अर्धपट्टा (एकही सरडा नजरेतून न सुटता इतकेच सरडे जेवढ्या रुंदीत मोजले गेले असते ती रेषेच्या एका बाजूची रुंदी) ६ मीटर निघाला: ४८ ÷ (२ × २००० × ६), म्हणजे हेक्टरी २०. हा अर्धपट्टा दिसण्याच्या वक्रावरून निघतो; अंतर वाढेल तशी सरडा दिसण्याची शक्यता कशी घटते ते तो वक्र दाखवतो. प्रत्यक्षात नोंदी ६०-८० झाल्याशिवाय तो बसवण्याची घाई नको.

मुख्य अडचण आता. चक्क्यांखालचा सरडा धीट. तुम्ही जवळ जाईपर्यंत बसून राहतो आणि मोजला जातो. चक्क्या नसलेल्या भागातला बुजरा तुम्हाला दिसायच्या आत बिळात जातो, किंवा पळताना दिसतो आणि त्याची मूळ जागा चुकीची नोंदली जाते. दोन्हीकडे एकच वक्र वापरला तर धीटपणाचा फरक संख्येच्या फरकात मिसळतो. वक्र दोन्ही भागांसाठी वेगळे बसवा, नर-मादीसाठीही वेगळे. वणवा गेलेली जागा आणि उभं गवत एका तक्त्यात टाकू नका. जळलेल्या जमिनीवर सगळंच जास्त दिसतं.

सरडा किती अंतरावरून पळतो ते मोजायचं असेल तर वेगळ्या दिवशी. ठरावीक चालीने सरळ त्याच्याकडे जा. चालायला लागलात ती जागा, त्याने पळ काढला तेव्हा तुम्ही होता ती जागा आणि सरड्याची जागा, तिन्हींवर खूण करा. सुरुवातीचं अंतर लिहिलं नाही तर नोंद फुकट, कारण लांबून निघालं की सरडाही सहसा लांबूनच पळतो.

पठारावर सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी, नाडीची टोपी, आणि कागदाला दोन्ही बाजूंनी चिमटा. वारा तक्ते उडवतो. चक्क्यांच्या आवारात शिरण्याआधी पहारेकऱ्याला विचारा. मे महिन्यात धबधब्यासाठी थोसेघरला थांबू नका, कडा कोरडा असतो. जूनचं धुकं उतरलं की दहा मीटरवरचा दगडही दिसत नाही, तेव्हा शेवटची फेरी मेअखेर उरकायची.