नथीतले चौकोन

आजीच्या लग्नातला एकच फोटो आमच्याकडे उरलाय. चार बाय सहा इंचांचा, एके काळी काळा-पांढरा, आता चहाच्या रंगाचा. आजी खुर्चीत ताठ बसलेली, नाकात मोत्यांची नथ, नऊवारीचा काठ भिंग लावून बघावा इतका बारीक. आजोबांच्या टोपीवरून एक आडवी घडी गेलेली आणि खालच्या कोपऱ्यात वाळवीने एक घास घेतलेला. तो नीट करून आत्याच्या पंचाहत्तरीला द्यायचा, असं मी मनावर घेतलं.

स्कॅन केला. कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये सेव्ह करू, असं संगणकाने विचारलं; मी जेपेगवर टिचकी मारून मोकळी झाले. मग रोज रात्री ओटा आवरला की फाइल उघडायची, बोटभर घडी बुजवायची, सेव्ह करायची, झोपायचं. एकदा कडा कापल्या, एकदा अंधार उजळला. पंधरा दिवसांत घडी गेली, वाळवी गेली, आणि मोठं करून बघते तर नथीतले मोतीही गेले होते! त्यांच्या जागी राखाडी चौकोन, न्हाणीघराच्या फरशीसारखे. काठाची तर गोधडी झालेली.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "ताई, ही झेरॉक्सची झेरॉक्स झाली. जेपेग पाठवायला. कामाला नाही."

मग जरा वाचलं. १९९२ साली प्रमाण ठरलेलं हे जेपेग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे करतं आणि प्रत्येकातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा गाळून टाकतं. गाळलं ते गेलं. नुसती फाइल उघडून बघितल्याने काही झिजत नाही (आमच्याकडे ही भीती घालणारे आहेत), पण बदल करून सेव्ह केलं की पुन्हा चाळण. त्यात मी कडा कापल्या, तेव्हा सगळी जाळीच सरकली आणि जुन्या चौकोनांवर तिरपागडे नवे चौकोन बसले. मोत्यांचा जीव तो केवढा!

तरी जेपेगला शिव्या घालवत नाहीत. त्यामागचं गणित बंगळूरात जन्मलेल्या नासिर अहमद यांच्या डोक्यातून आलं. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कल्पनेसाठी पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि १९७४ मध्ये नटराजन आणि राव या सहकाऱ्यांबरोबर निबंध छापला. आज आपल्या फोनमध्ये हजारो फोटो मावतात, ते या गणिताच्या जिवावर.

दुसऱ्यांदा स्कॅन करताना मी टिफ निवडलं, म्हणजे सहसा काही न गाळणारा फाइलचा प्रकार; ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), १६ बिट. फाइल झाली ५२ एमबीची. जेपेग जेमतेम तीनची होती. लॅपटॉप उसासे टाकायला लागला. पण फरक दिसला तो आजीच्या मागच्या काळ्या पडद्यात. जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला थोड्याच. तो ओढून उजळला की पट्टे पडायचे. १६ बिटांत पायऱ्या ६५,५३६. तिथे पडदा उजळला तर चक्क त्याच्या चुण्या निघाल्या. इतकी वर्षं मला ती भिंत वाटत होती. शिवाय माझ्या सॉफ्टवेअरमध्ये टिफमध्ये थर तसेच राहतात: एका थरावर घडी, एकावर वाळवी, आणि तळाशी मूळ फोटो, हात न लावलेला. पीएनजी या फाइलच्या प्रकारानेही एक ठिपका गाळला नसता, पण थरांची सोय तिथे नाही. पत्रिकेवरची अक्षरं, लोगो यांना ते बरं.

रॉची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलची, गोष्ट वेगळी. भाचीच्या हळदीला मंडपात पिवळे बल्ब आणि वर निळं कापड. कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंग ठरवून दिलेल्या जेपेगमध्ये नवरी कावीळ झाल्यासारखी दिसत होती. सुदैवाने सोबत रॉ होतं. पांढरं म्हणजे कोणतं, हे त्यात घरी येऊन सावकाश ठरवता येतं; मी मावशीच्या पांढऱ्या साडीवर बोट ठेवलं आणि हळद पुन्हा हळदीच्या रंगाची झाली.

आजीचा फोटो अखेर जमला. सगळं काम टिफमध्ये, आणि अगदी शेवटी, एकदाच, छपाईसाठी जेपेग. काकांनी कागदावर काढून दिला. नथीत मोती मोजून सात.

तोच फोटो पंचाहत्तरीच्या सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकला. तिथे तो आणखी एकदा चाळला गेला असणारच. दहा मिनिटांत आत्याचा फोन, "अगं, किती सुंदर केलायस! आई बोलतेयसं वाटतं." फोन ठेवून बघते तर आत्याने डीपी बदललेला. नखाएवढ्या गोलात आजीचे दोन डोळे आणि आजोबांची अर्धी टोपी. नथ गोलाच्या बाहेर.