वॉरियर्सची उभारणी आणि माझा डावा गुडघा

13 जून 2019. ओकलंडच्या ओरॅकल अरेनात गोल्डन स्टेट वॉरियर्सचा, म्हणजे अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या आमच्या टीमचा, शेवटचा सामना होता. पुढच्या हंगामापासून टीम खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार होती. आम्ही सात-आठ जण फ्रेमाँटला मित्राच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. टोरांटो रॅप्टर्सविरुद्धची ही फायनल, सामना सहावा. आमच्या क्ले थॉम्पसनचे 28 गुण झाले होते आणि तिसरं क्वार्टर संपत आलं होतं. तो बास्केटकडे झेपावला, डॅनी ग्रीन अडवायला आला आणि खाली येताना क्लेचा डावा पाय वेडावाकडा पडला. घरात एकदम शांतता पसरली.

त्याला आत नेलं. पण फाउलबद्दल मिळालेले फ्री थ्रो स्वतः घेतले नाहीत तर पुन्हा मैदानात येता येत नाही असा नियम आहे, म्हणून तो बोगद्यातून वळून परत आला. दोन्ही फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत गेले, तीस गुण झाले. त्यानंतर तो जो बाहेर गेला तो कुबड्या घेऊनच. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण ते दोन फ्री थ्रो त्याने एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट, फाटलेल्या पायावर उभं राहून टाकले होते. आम्ही 114-110 हरलो. तीनच दिवस आधी आमच्याच केव्हिन ड्युरँटचा उजवा अकिलीस, टाचेमागचा स्नायुबंध, तुटला होता. सलग पाच वर्षं फायनल खेळलेली, त्यातल्या तीन जिंकलेली टीम एका आठवड्यात मोडून पडली.

हे सगळं इतकं बारकाईने लक्षात राहण्याला एक कारण आहे. ऑगस्टच्या शेवटी तोच लिगामेंट, त्याच पायाचा, माझाही तुटला.

पुण्यात शाळेत असल्यापासून मी बास्केटबॉल खेळतोय. इथे आल्यावरही दर शनिवारी सकाळी एका शाळेच्या जिममध्ये आमचा खेळ असायचा. त्या दिवशी रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उडालेला चेंडू, घेऊन खाली आलो आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. तो मला कानाने नाही, हाडातून ऐकू आला. आधी ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथे 'मुरगळलाय' म्हणून बर्फ आणि पट्टी देऊन घरी पाठवलं. त्यात दोन आठवडे गेले. जिना उतरताना गुडघा आतल्या आत सरकायला लागला तेव्हा मी हट्टाने एमआरआय करून घेतला. ज्याला असा आवाज आला असेल आणि नंतर गुडघा दगा देत असेल, त्याने कुणी काहीही म्हटलं तरी एमआरआयचा आग्रह धरावा असं मी आज सगळ्यांना सांगतो.

ऑपरेशन ऑक्टोबरच्या मध्यावर ठरलं. त्याआधी, 5 ऑक्टोबरला, माझा भाचा पुण्याहून मुंबईला गेला होता. वरळीच्या डोममध्ये सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळणार होते. भारतात एनबीएचे सामने पहिल्यांदाच होत होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे आणि त्याआधी आमच्याच वॉरियर्सच्या मालकांपैकी एक. भाच्याने तिथून व्हिडिओ कॉल लावला, "मामा, तू इथे हवा होतास!" मी सोफ्यावर, पाय उशीवर.

ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी, 30 ऑक्टोबरला, मी त्याच सोफ्यावरून वॉरियर्सचा फिनिक्सविरुद्धचा सामना बघत होतो. त्यांचा ॲरन बेन्स हा धिप्पाड सेंटर आमच्या स्टेफ करीच्या डाव्या हातावर पडला आणि हाताचं हाड मोडलं. ड्युरँट गेलेला, क्ले बाहेर, आता करी. बायकोने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "आता तू फक्त तुझ्या गुडघ्याकडे बघ."

पण मी दोन्हीकडे बघत राहिलो. पाय हलत नव्हता, झोप येत नव्हती, म्हणून रात्र रात्र टीमच्या पगाराचं गणित वाचत बसायचो. एखादा तारा जायबंदी झाला की दुसरा आणावा असं बाहेरून वाटतं. एनबीएमध्ये ते होत नाही. जायबंदी खेळाडूचा पगार चालूच राहतो आणि तो टीमच्या मर्यादेत मोजलाही जातो. क्लेला जुलैमध्ये पाच वर्षांचा, 19 कोटी डॉलरचा करार दिला होता, तोही पहिल्या वर्षातला बराच काळ तो खेळणार नाही हे माहीत असताना. शिवाय आपल्या जुन्या खेळाडूला ठेवून घेताना सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, ओलांडता येते, बाहेरच्याला आणताना जवळजवळ येत नाही. म्हणजे ड्युरँट नुसता निघून गेला असता तर त्याच्या जागी तोलामोलाचा कुणी आणणं शक्यच नव्हतं. म्हणून तेव्हाचे जनरल मॅनेजर बॉब मायर्स यांनी, ड्युरँट ज्यांच्याकडे निघाला होता त्या ब्रुकलिन नेट्सशी अदलाबदल जुळवली आणि डँजेलो रसेलला आणलं. पण अशा मार्गाने खेळाडू घेतला की टीमवर हार्ड कॅप बसते, त्यावर एक डॉलरही खर्चता येत नाही. ती जागा करायला आंद्रे इग्वोडालाला मेम्फिसला पाठवावं लागलं, वर एक ड्राफ्ट पिकही, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्कही, द्यावा लागला. 2015 च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू असा गेला. उरलेल्या जागा नवख्या पोरांनी आणि कमीत कमी पगारावर येणाऱ्यांनी भरल्या.

जानेवारी 2020 मध्ये कुबड्या सुटल्यावर मी टीमच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या नव्या चेस सेंटरला एक सामना बघायला गेलो. करी साध्या कपड्यांत बाकावर बसला होता. खेळत होता जॉर्डन पूल, ड्राफ्टमध्ये 28 व्या क्रमांकावर घेतलेला वीस वर्षांचा मुलगा. त्याचे नेम चुकत होते. त्या हंगामात त्याचे तीनांतले दोन शॉट चुकले. माझ्या मागचा एक माणूस दर वेळी ओरडत होता. पण कोच स्टीव्ह कर त्याला काढत नव्हते. बरी टीम असती तर या मुलाला आठवड्याला दहा मिनिटं मिळाली नसती, इथे तो रोज चुकत होता आणि रोज खेळत होता. त्या हंगामात आम्ही 15 जिंकून 50 हरलो, अख्ख्या लीगमध्ये शेवटचे. पण वाया गेलेलं वर्ष असं त्याला मी म्हणणार नाही.

तोपर्यंत मलाही एक गोष्ट कळू लागली होती. माझी फिजिओ तामिळनाडूची, बोलायला मऊ पण हिशेबाला पक्की. तिच्याकडे एक पिवळी मापपट्टी होती, शिंप्याकडे असते तशी, कडा झिजलेली. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि तिथे मांडीचा घेर मोजायचा. पहिल्या दिवशी डावी मांडी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर बारीक निघाली. दीड महिन्यात एवढा स्नायू वितळला होता. ती म्हणाली, आधी पाय पूर्ण सरळ, मग वाकवणं, मग ताकद, धावणं सगळ्यात शेवटी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा आणि दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या दहा मिनिटांत मी घामाने भिजायचो. बसवलेला नवीन लिगामेंट सुरुवातीला आणखी कमकुवत होत जातो, मग हळूहळू त्यात रक्तपुरवठा होऊन तो तुमचा होतो. म्हणजे दुखणं थांबतं तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो. हे मला आधी माहीत असतं तर तिसऱ्या महिन्यात मी घाई केली नसती. तेव्हा अंगणात जरा पळून बघितलं, गुडघा टम्म सुजला आणि तीन आठवडे मागे गेलो.

फेब्रुवारीत रसेलला मिनेसोटाला देऊन अँड्र्यू विगिन्सला आणलं, सोबत त्यांचं पुढच्या वर्षीचं ड्राफ्ट पिक. आमच्या ग्रुपवर त्यावर खूप कडवट बोललं गेलं. विगिन्स 2014 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, पण अपेक्षा पुऱ्या न करणारा असा शिक्का त्याच्यावर बसला होता. मला तो सौदा आवडला होता, कारण करी आणि क्लेच्या शेजारी अजून एक चेंडू हातात ठेवणारा नको होता, समोरच्याच्या सगळ्यात अवघड माणसाला अडवणारा हवा होता. विगिन्सचे हातपाय त्यासाठीच घडवल्यासारखे आहेत.

मार्चमध्ये करी एक सामना खेळला, आणि करोनाने लीगच थांबवली. क्लिनिक बंद झालं. फिजिओ व्हिडिओवर, मी बेडरूमच्या दाराला रबरी पट्टा बांधून. आई पुण्याहून रोज विचारायची, "चालतोस ना रे नीट? लंगडत नाहीस ना?" मी फोन टेबलावर टेकवून तिला चालून दाखवायचो.

नोव्हेंबरपर्यंत मी पळायला लागलो होतो. एका पायावर उड्या मारून अंतर मोजायची चाचणी असते, त्यात दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के गाठावे लागतात. मी एक्क्याण्णववर होतो. आणि 18 नोव्हेंबर 2020 ला, ड्राफ्टच्याच दिवशी, बातमी आली की दक्षिण कॅलिफोर्नियात सराव करताना क्लेला पुन्हा दुखापत झाली. या वेळी उजवा अकिलीस. दुसरा पाय. सतरा महिने त्या माणसाने हेच सगळं केलं असणार, टॉवेलची गुंडाळी, मापपट्टी, उड्या. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि रडलो. नंतर दोन महिने मी पळालो नाही. गुडघ्याला काही झालं नव्हतं, मलाच भीती बसली होती. फिजिओने ते ओळखलं. व्यायाम कमी केला नाही, फक्त प्रत्येक उडीआधी मला मोठ्याने सांगायला लावायची, "आता उतरणार."

टीमने तेव्हा काय केलं ते मला फार मोठं वाटतं. सोपी वाट होती, करीला विकून नव्याने सुरुवात करायची. ते केलं नाही. इग्वोडालाला पाठवल्याबद्दल मिळालेली, मर्यादेबाहेर खेळाडू घ्यायची सवलत वापरून केली ओब्रे या खेळाडूला आणलं, त्यापायी त्याच्या पगाराच्या कित्येक पट लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारखर्चावरचा दंड, भरला. तो प्रयोग फारसा जमला नाही. त्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला जेम्स वाइजमनही एप्रिलमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. पण करीने सरासरी 32 गुण केले, जानेवारीत पोर्टलंडविरुद्ध एका रात्रीत 62, आणि 39 जिंकून 33 हरलेली टीम प्ले-इनपर्यंत, म्हणजे प्लेऑफच्या उंबरठ्यावरच्या पात्रता सामन्यांपर्यंत, गेली. तिथे लेकर्स आणि मेम्फिसकडून हरलो. पूल त्याच वर्षी काही आठवडे खालच्या जी-लीगमध्ये खेळून आला आणि परतला तो वेगळाच खेळाडू होऊन.

2021-22 च्या संघात मला सगळ्यात जास्त कौतुक मोठ्या नावांचं नाही. केव्हॉन लूनी घ्या. दुखण्यांमुळे 2019-20 मध्ये तो फक्त वीस सामने खेळला होता. या हंगामात तो 82 च्या 82 खेळला. गॅरी पेटन (धाकटा) संघातल्या पंधराव्या, शेवटच्या जागेसाठी झगडून आत आला. ऑटो पोर्टर कमीत कमी पगारावर आला. मिनेसोटाच्या त्या पिकमधून जोनाथन कुमिंगा मिळाला. इग्वोडाला परत आला. पहिल्या वीस सामन्यांतले अठरा जिंकले, तेही क्लेशिवाय.

नोव्हेंबरमध्ये एका जिंकलेल्या सामन्यानंतर सगळे आत गेले आणि क्ले एकटाच डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसून राहिला. तो फोटो मी फिजिओला पाठवला. तिचं उत्तर आलं, "शेवटचे दोन महिने सगळ्यात लांब असतात."

9 जानेवारी 2022. 941 दिवसांनी क्ले मैदानात आला, क्लीव्हलंडविरुद्ध. आमच्या ड्रेमंड ग्रीनची पोटरी दुखावली होती, तरी केवळ क्लेच्या शेजारी उभं राहायला म्हणून तो सुरुवातीच्या पाचांत आला आणि चेंडू उडताच बाहेर गेला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये क्ले दोन-तीन जणांच्या मधून घुसला आणि त्याने थेट डंक मारला. लोक ओरडत होते. मी त्याचे पाय बघत होतो. तो उतरला, वळला आणि बचावाला मागे धावला. सतरा गुण केले त्याने.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. प्लेऑफमध्ये डेन्व्हर, मेम्फिस, डॅलसला हरवलं आणि 16 जूनला बोस्टनच्या मैदानावर बोस्टनला हरवून आम्ही चॅम्पियन झालो. फायनलच्या पाचव्या सामन्यात 26 गुण आणि 13 रिबाउंड विगिन्सचे होते, तोच विगिन्स. मेम्फिसविरुद्ध निर्णायक रात्री लूनीने 22 रिबाउंड घेतले. त्याच मालिकेत कोपर मोडलेला पेटन फायनलमध्ये परत येऊन खेळला. आईला फोन केला तेव्हा पुण्यात सकाळ होती. तिने आधी विचारलं, "तो मुलगा खेळला ना, ज्याचा तुझ्यासारखा पाय?" खेळला, म्हटलं.

मी स्वतः खेळायला गेलो ते क्लेच्या त्या पहिल्या सामन्यानंतरच्या शनिवारी. फिजिओने कितीतरी आधी मोकळीक दिली होती, मापपट्टीवर दोन्ही मांड्यांत अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक उरला होता. अर्धा तास मी नुसता बाहेरून शॉट मारत राहिलो. मग कुणाचा तरी चेंडू रिंगवर आदळून उंच उडाला, मी खालीच उभा होतो. "आता उतरणार," मी म्हणालो, आणि उडी मारली.