साठ हर्ट्झची मशीन, पन्नास हर्ट्झचं नागपूर

नागपुरात कोणालाही सांगा की मला डिशवॉशरचं वेड आहे, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कढई निघते का बे त्यात?" सावजीची तर्री ज्या कढईत तासभर रटरटली ती कढई म्हणजे आपल्याकडची फायनल परीक्षा. मी सांगतो की निघते बावा, पण माझं वेड वेगळं आहे, आणि तिथेच समोरच्याचा इंटरेस्ट संपतो. मला नवे डिशवॉशर आवडत नाहीत. फोनला जोडलेले, इतके गुपचूप चालणारे की चालू आहे का बंद हे वाकून बघावं लागतं, ते लखलाभ असो ज्यांना हवे त्यांना. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मावश्या येईनात तेव्हा आमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी घेतले, छान चालताहेत, विषय संपला. मला आवडतात 1950 ते 1980 च्या मधले अमेरिकन, दणादणा आवाज करणारे, पुढे एक जाडजूड गोल नॉब असलेले.

सगळी मजा त्या नॉबच्या मागे आहे. मागे एक छोटी मोटर असते, ती एक प्लास्टिकचा गोल ड्रम फार हळूहळू फिरवते, आणि त्या ड्रमवर उंचवटे-खाचा कोरलेल्या असतात. ड्रमला टेकून पितळी पट्ट्यांचे स्विच. उंचवटा आला की पट्टी उचलली जाते, एक सर्किट जोडलं जातं, खाच आली की तुटतं. पाण्याचा व्हॉल्व्ह उघड, पंप चालू कर, साबणाची डबी सोड, पाणी काढ, हीटर लाव, सगळा प्रोग्राम त्या प्लास्टिकवर कोरलेला. चिप नाही, सेन्सर जवळजवळ नाहीच. ठराविक वेळाने टक असा आवाज येतो, ड्रम एक घर पुढे सरकतो आणि मशीनचं काम बदलतं. कान तयार झाला की दुसऱ्या खोलीत बसूनही कळतं आता काय चालू आहे ते.

तर होतं काय, आधी व्हॉल्व्ह उघडून तळाशी थोडंसं पाणी घेतलं जातं. टाकी भरत नाहीत, हे लोकांना पटतच नाही, त्यांना वाटतं वॉशिंग मशीनसारखं सगळं बुडत असेल. तळाचं तेवढंच पाणी पंप खेचतो आणि फिरणाऱ्या दांड्यांच्या भोकांतून वर फेकतो, आणि त्या दांड्याला फिरवायला वेगळी मोटर नसते बरं का, भोकं तिरकी पाडलेली असतात, पाणी एकीकडे उडालं की दांडा उलटीकडे ढकलला जातो. त्याही आधीच्या मशीनमध्ये तर दांडेही नव्हते, तळाशी नुसता एक पंखा, तो पाणी चहूकडे उडवायचा. पहिल्या पाण्यात खरकटं निघतं, ते पाणी जातं, नवीन येतं, मग साबणाच्या डबीचं झाकण खाडकन उघडतं आणि खरी धुलाई सुरू होते. मग दोनतीनदा विसळणं, शेवटी तळातला हीटर तापून भांडी वाळवतो. बऱ्याच मॉडेलमध्ये एकच मोटर सुलटी फिरली की धुणार आणि उलटी फिरली की पाणी बाहेर काढणार. एका मोटरमध्ये दोन कामं, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

आमच्याकडच्या मावशी तरी वेगळं काय करतात म्हणा, खरकटं काढणं, भिजवणं, घासणं, दोनदा विसळणं, पालथं घालणं. क्रम तोच. फक्त त्या कढई बघून ठरवतात किती घासायचं, जुनी मशीन बघत नाही, तिच्या ड्रमवर जेवढं कोरलंय तेवढंच करते. आता कोणी म्हणेल हा तर दोष झाला. असेल.

हे सगळं सुरू कोणी केलं तर जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईने, इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलची. तिच्याआधी 1850 मध्ये जोएल हॉटन याने हाताने फिरवायचं एक लाकडी यंत्र पेटंट केलं होतं, पण ते नुसतं पाणी शिंपडायचं. कॉक्रेनबाई पैसेवाल्या, घरातल्या महागड्या चिनीमातीच्या प्लेटांचे कोपरे नोकरांच्या हातून उडायचे म्हणून त्या चिडल्या, अशी गोष्ट सांगतात. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, नवरा वारला, मागे कर्ज ठेवून गेला आणि बाईंना यंत्र खरंच बनवून विकणं भाग पडलं. घराच्या मागच्या शेडमध्ये एका मेकॅनिकला हाताशी धरून बनवलं, 1886 च्या डिसेंबरमध्ये पेटंट मिळालं, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ठेवलं. गिऱ्हाईक कोण, तर हॉटेलं. घरच्या बायांपर्यंत पोचायला पुढे पन्नासेक वर्षं गेली. तिची कंपनी नंतर होबार्ट नावाच्या कंपनीने घेतली आणि त्यांचा किचनएड हा घरगुती डिशवॉशर आला 1949 मध्ये.

साबणाचंही एक प्रकरण आहे. त्या जुन्या अमेरिकन मशीनमध्ये पाणी मऊ करायची सोय बहुतेक नसायचीच, ते काम डिटर्जंटमधलं फॉस्फेट करायचं. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम ते धरून ठेवतं म्हणून काचेवर पांढरे डाग पडत नाहीत. पण तेच फॉस्फेट तलावात गेलं की शेवाळाला खतपाणी, म्हणून 2010 मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी ते बंद केलं आणि तिकडचे जुन्या मशीनचे शौकीन लोक अजून हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. दरवर्षी नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी बघणाऱ्या माणसाने फॉस्फेटसाठी कायले रडायचं? आणि हो, भांड्यांचं नेहमीचं लिक्विड त्यात कधी टाकू नका, फेस होतो, पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि फेस दारातून ओट्याखाली येतो.

आता मुद्द्याचं. धरमपेठेत एका ओळखीच्या काकूंकडे अशी एक मशीन आहे. काका सत्तरच्या दशकात शिकागोहून परतले तेव्हा सामानासोबत आली, खाली चाकं, वर लाकडी पाट, नळाला पाइप लावून चालवायची, आणि रंग तो त्या काळी तिकडे फ्रीजपासून ओव्हनपर्यंत सगळ्यांना द्यायचे तसा अवाकाडो हिरवा. इथे कधीच लागली नाही. आतल्या जाळ्यांत दिवाळीच्या पणत्या आणि लाइटच्या माळा आहेत. काकू म्हणाल्या, "चालवून दाखव नं मग, नुसता हात फिरवून राहिला कवाचा."

चालवणं म्हणजे नुसतं 230 व्होल्टचं 120 करणं नाही. तिकडची वीज साठ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साठ हेलकावे घेणारी, आपली पन्नास. नॉबमागची ती छोटी टायमरची मोटर विजेच्या ठेक्यावर चालते, त्यामुळे नागपुरात ती सहाला पाच या हिशोबाने मंदावणार. तासाभराची धुलाई 72 मिनिटांची. त्यात पाणीही वेळेवर मोजून भरतात, मिनिटभर उघडणारा व्हॉल्व्ह इथे 72 सेकंद उघडा राहणार, म्हणजे पाणीही तेवढ्या पटीत जास्त, जास्तच झालं तर पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच थांबवेल. पंपही हळू, फवाऱ्याचा जोर कमी. म्हणजे अमेरिकेची मशीन नागपुरात आली की तिलाही दुपारची सुस्ती येणार. आणि पंपाची मोटर पन्नास हर्ट्झवर पूर्ण 120 दिले तर तापते, तिला शंभरच्या आसपास द्यायला पाहिजे.

हे इतवारीतल्या रिवाइंडिंगवाल्या भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "110 चा ट्रान्सफॉर्मर घेऊन जा, सगळे तोच नेतात." मी म्हटलं नाही, 100 चाच. मग त्यांनी लोड विचारला, मी मोटर आणि हीटर दोन्हीचे वॅट सांगितले तसे ते हिशोब करता करता थांबले, एवढ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला तांबं किती लागेल आणि पैसे किती होतील ते बोलले. मग म्हणाले, "हीटरची वायर काढून टाका नं भाऊ. मे महिन्यात नागपुरात भांडे वाळवाले हीटर?" पटलं. फक्त मोटरपुरता छोटा ट्रान्सफॉर्मर करायला टाकलाय.