तुम्ही विचारलंत म्हणून: फायर ब्रिगेड असताना तुम्ही कशाला?

चवथीला घरी आलेला प्रत्येक पाहुणा मला हेच विचारतो, की फायर ब्रिगेड आहे, एनडीआरएफ (केंद्राचं आपत्ती बचाव दल) आहे, मग तुम्ही आपदा मित्रवाले, म्हणजे ट्रेनिंग घेतलेले गावातले स्वयंसेवक, जॅकेट घालून फोटो काढण्यापलीकडे करता काय?

अहो, इथे गोव्यात सत्तरीत फायर ब्रिगेडची गाडी वाळपईहून निघेपर्यंत आमचा रस्ताच पाण्याखाली गेलेला असतो. 23 जुलै 2021 चा म्हादई नदीचा पूर आठवा, 1982 नंतरचा सगळ्यात मोठा म्हणाले. पाऊस तिकडे वर घाटात कोसळतो, इथे जरा उघडीप दिसली की लोक निर्धास्त, आणि बघता बघता पाणी अंगणात. त्या पहिल्या दोन-तीन तासांत शेजारीच धावतो, फक्त त्याला दोर कसा बांधायचा, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) कसा द्यायचा हे माहीत हवं. एनडीएमएच्या (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या) आपदा मित्र योजनेतलं 12 दिवसांचं ट्रेनिंग त्यासाठीच.

पण खरं सांगू का, दोरापेक्षा वही जास्त कामाला येते. मे महिन्यात वाड्यावाड्यावर फिरून लिहायचं, कोण अंथरुणाला खिळलंय, कोण गरोदर, कोणाचं घर मातीचं, होडी कोणाकडे, माडीवाल्या बंद घराची चावी कोणाकडे. लोक म्हणतात, काय रे, इलेक्शन आलं की काय? गुरंसुद्धा लिहायची, कारण गाय दाव्याला बांधलेली असेल तर म्हातारी जागची हलत नाही, मग तुम्ही कितीही ओरडा.

तिकडे उत्तर गोव्यातल्या साळ, इब्रामपूर गाववाल्यांची गोष्ट आणखी वेगळी, तिळारी धरणाचं पाणी सोडलं की पूर, आणि त्यात कुणीतरी 'धरण फुटलं' म्हणून व्हॉट्सॲपवर ढकलून देतो. तेव्हा कंट्रोल रूमला फोन करून खरं काय ते गावात सांगणं हेही आमचंच काम, आणि माझ्या मते पोहण्यापेक्षा अवघड.

पाणी उतरलं की कॅमेरे जातात आणि खरं काम सुरू होतं. विहिरीतला गाळ उपसा, ब्लीचिंग पावडर टाका, मेन स्विच वायरमनने बघेपर्यंत चालू करू नका. आणि चिखल काढण्याआधी फोटो! लोक बिचारे आधी घर धुऊन काढतात, मग तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा दाखवायला काही नसतं, भरपाईचा अर्ज अडकतो. आम्ही भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं तांदळाचं पोतं, कपाट, सगळ्याचे फोटो काढून देतो, फॉर्म भरून देतो. शहरातून जुन्या कपड्यांचे ढीग येतात ते वेगळेच, त्यांची विल्हेवाट लावता लावता जीव जातो, त्यापेक्षा झाडू, बादल्या पाठवा की.

अडचण एकच, शिकलेली पोरं दिवसा वेर्णा नाहीतर पणजीला कामाला, आणि पूर काय सुट्टी बघून येत नाही. म्हणून यंदा सेल्फ हेल्प ग्रुपच्या बायकांना शिकवायला घेतलंय, दुपारी घरात त्याच असतात आणि कोणाच्या घरात कोण आजारी हे त्यांना वही न बघता माहीत असतं.