मावशीचा गळा आणि पाच लिंका

गेल्या नवरात्रात औशाहून तुळजापूरला पायी निघालेल्या लोकांसोबत एक टेम्पो चालला होता. भोंग्यावर आराधी गाणी, म्हणजे तुळजाभवानीची भक्तिगीतं, लागली होती आणि आवाज माझ्या मावशीचा होता. चालकाच्या मोबाईलवर चॅनेलचं नाव पाहिलं तर भलतंच. गायिकेच्या जागी नुसतं ‘पारंपरिक’.

मावशी चाळीस वर्षं आराधी मंडळात गातेय. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका स्टुडिओत आम्ही तिची 8 गाणी रेकॉर्ड केली. 18,000 रुपये लागले, त्यातले निम्मे तिनं बचत गटातून उचलले होते. घरी येऊन यूट्यूबवर शोधलं तर आमच्या चॅनेलबाहेर त्याच गाण्यांच्या 5 लिंका सापडल्या. शिवाय फुकट एमपीथ्री देणारी एक वेबसाइट. एका चोरीच्या व्हिडिओला लाखावर व्ह्यूज होते, आमच्याला चार हजार.

त्या चॅनेलवर फोन नंबर होता, मी लावला. पलीकडं शेजारच्या तालुक्यातला पोरगा. म्हणाला, “देवीचं गाणं हाय दादा, त्याला कुठं मालक असतो? मी काय इकायलोय का?” मला उत्तर देता आलं नाही, कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं.

उरलेलं अर्धं लातूरच्या वकिलांनी समजावलं. शब्द आणि चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असेल तर त्यावर कुणाचाच हक्क नाही. पण मावशीच्या गळ्यातून, आमच्या संबळ-झांजेवर, आमच्या पैशानं झालेलं हे जे रेकॉर्डिंग, त्यावर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं वेगळा हक्क आहे, आणि तो प्रसिद्ध झाल्यापुढची 60 वर्षं टिकतो. दोन गाण्यांत मावशीनं स्वतः कडवी जोडलीत, ते शब्दही तिचेच. मग त्यांनी विचारलं, “रेकॉर्डिंगवर तुमचं नाव, पत्ता, साल कुठाय?” कायद्याच्या कलम 52-अ प्रमाणे ते टाकावं लागतं. आमच्या फाईलचं नाव होतं ‘ट्रॅक 3 फायनल’. नाव नसलेली फाईल एका फोनमधून दुसऱ्यात गेली की ती कुणाची हे कळणार कसं? माझं म्हणणं आहे, चोरी रोखायचं निम्मं काम गाणं बाहेर सोडायच्या आधीच होतं, आणि तेच आम्ही केलं नव्हतं.

यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरायला एक संध्याकाळ गेली. मूळ गाणं कोणतं, चोरीची लिंक कोणती, आपला पत्ता, आणि शेवटी सही म्हणून पूर्ण नाव टाइप करायचं. खोटी तक्रार केली तर कायदेशीर अडचणीत येऊ शकता, हे तिथंच लिहिलेलं असतं. व्हिडिओ लगेच काढा किंवा समोरच्याला 7 दिवस द्या, असे दोन पर्याय होते. मुदतीत त्यानं स्वतः काढला तर त्याला स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर ठपका, बसत नाही. 90 दिवसांत 3 स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. मावशी म्हणाली, “पोराचं चॅनेल बुडवू नको, सात दिवस दे.” पाचव्या दिवशी त्यानं व्हिडिओ काढला.

इथं एक चूक मी केली, ती सांगायलाच हवी. पाचही लिंका मी घाईत टाकल्या होत्या. चौथीत परभणीकडच्या एका मंडळातली बाई तेच गाणं स्वतः गात होती. मी पहिली ओळ ऐकली आणि लिंक चिकटवली. मावशीनं पुढं ऐकलं आणि माझ्यावर खवळली, “आरं ती तिच्या गळ्यानं गायलीय! तिचं कशाला पाडायलास?” त्याच रात्री मी त्या लिंकची तक्रार मागं घेतली. पारंपरिक गाण्यांत हा धोका कायम आहे. तक्रार आपल्या रेकॉर्डिंगपुरतीच करायची, गाण्यावर मालकी सांगायची नाही. पूर्ण ऐकल्याशिवाय लिंक टाकू नका.

वेबसाइटचं काम अवघड निघालं. 2013 च्या कॉपीराइट नियमांत 75 वा नियम आहे: फाईल साठवणाऱ्याला लेखी तक्रार दिली की त्यानं 36 तासांत ती बंद करायची, आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा सुरू करू शकतो. तक्रारीतच कोर्टात दावा लावण्याची हमी लिहून द्यावी लागते. मावशीसारख्या बाईनं कोर्टाचा खर्च कुठून आणायचा? छोट्या कलाकाराला हा नियम पेलत नाही, असं मला मनापासून वाटतं. आम्ही हमी दिली नाही. गुगलला मात्र अर्ज केला आणि ते पान शोधात यायचं बंद झालं. वेबसाइट अजून आहे.

राहिलं मोबाईलचं दुकान. आमच्या बाजारात ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी अजून आहे. म्हाताऱ्या बायकांकडं मेमरी कार्डावर चालणारे छोटे स्पीकर असतात, त्यांना यूट्यूब जमत नाही. त्या दुकानदाराशी भांडून काय मिळणार होतं? आम्ही स्वतःच 8 जीबीची कार्डं भरली. प्रत्येक फाईलला गायिकेचं, वादकांचं नाव आणि साल, सोबत छापील चिठ्ठी. 200 रुपयांचं कार्ड, त्यातले 40 दुकानदाराला. कोजागिरीपर्यंत त्यानं 63 कार्डं विकली. आमची गाणी तो आता दुसऱ्या कुठल्या कार्डात भरून देत नाही, गिऱ्हाइकाला आमचंच दाखवतो.

आता दोन गाण्यांची कॉपीराइट नोंदणी करतोय. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा लागतो. ध्वनिमुद्रणाला 2,000 रुपये शुल्क आहे, आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. संमतीपत्रावर संबळवाल्या काकांचा अंगठा काल घेतला. मावशीनं त्यांचं नाव आधी मोठ्यानं वाचायला लावलं, मगच कागद पुढं सरकवला.