आईचे पाय स्कोअरमध्ये येतच नाहीत

आईला आमवात आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तपासणीला गेलं की डॉक्टर बोटं, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे एकेक करून दाबतात, "काकू, इथे दुखतंय?", मग एकंदर कसं वाटतंय ते शंभरपैकी सांगायचं, रक्तातून अंगातली सूज दाखवणार्‍या ईएसआर तपासणीचा आकडा टाकायचा की झाला आजार किती जोरात आहे ते सांगणारा डास २८ स्कोअर तयार. २.६च्या खाली आला म्हणजे आजार शांत. आता यातल्या अठ्ठावीस सांध्यांत पावलं आणि घोटे नाहीतच, आणि आईचं सगळं दुखणं तिथेच, दादरचा पूल चढताना ती दर चार पायर्‍यांनी कठडा धरून थांबते, पण स्कोअर मस्त!

तरीही मी म्हणेन की सगळीकडे एकच मोजमाप हवंच. पूर्वी प्रत्येक ट्रायल, म्हणजे औषधाची पेशंटवरची चाचणी, आपापलं काहीतरी मोजायची, कोणी मुठीची ताकद, कोणी चालायला लागणारा वेळ, कोणी बोटांचा घेर, मग हे औषध बरं की ते, कसं ठरवणार? म्हणून १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टला संशोधक जमले, तिथून ओमेरॅक्ट हा सांधेदुखीच्या ट्रायलमध्ये काय मोजायचं ते ठरवणारा गट सुरू झाला आणि प्रत्येक ट्रायलमध्ये किमान काय मोजायचंच याची यादी ठरली. १९९५ला औषधाचा गुण आला का ते ठरवणारा एसीआर २० हा निकष आला, म्हणजे दुखरे आणि सुजलेले सांधे दोन्ही निदान २० टक्क्यांनी कमी व्हायला हवेत आणि वेदना, रोजची कामं, रक्ताचा रिपोर्ट वगैरे पाच गोष्टींपैकी तिनांत निदान तेवढीच सुधारणा दिसायला हवी. आज नवीन औषधांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात ते यामुळेच.

पण यादी केली कोणी, तर डॉक्टर-संशोधकांनी. २००२ पासून ओमेरॅक्टच्या बैठकीत पेशंटही बसायला लागले आणि त्यांनी सांगितलं की आम्हाला थकवा खातोय, तो तुमच्या यादीत कुठेय? पुढे काही वर्षांत थकवाही मोजावा अशी शिफारस झाली. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आई दुपारी भाजी निवडता निवडता गळून जाते ते कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही.

आपल्याकडेही असं काम झालंय. रोजच्या कामांची एचएक्यू नावाची प्रश्नावली अमेरिकेतली, त्यात गाडीचं दार उघडता येतं का असे प्रश्न, पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसने ती आपल्या लोकांसाठी बदलून घेतली, मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का हे त्यात आलं. घरात कोणाला आमवात असेल तर डॉक्टरांना पावलं दाबून बघायला सांगा, आणि थकव्याचंही न विचारता सांगा.